'सगळ्यात' म्हणजे कोणाकोणात?

इंटर्नशिपच्या चौथ्याच दिवशी माझी पहिली बातमी डेस्कवरून परत आली. एका कॉलेज फेस्टची साधी बातमी होती. त्यात मी अगदी जोशात लिहिलं होतं, 'शहरातला सर्वात मोठा युवा महोत्सव'. आमच्या उपसंपादक मॅडमनी लाल पेनाने 'सर्वात' या शब्दाभोवती गोल केला होता. मला वाटलं, अनुस्वार राहिला म्हणून असेल. तो राहिलाच होता. पण मॅडम म्हणाल्या, "अनुस्वार दे, आणि तो का द्यायचा तेही कळू दे. सर्वांत म्हणजे सगळ्यांमध्ये. आता सांग, कोण हे सगळे? किती महोत्सव मोजलेस तू?"

मी एकही मोजला नव्हता. आयोजकांच्या प्रेसनोटमध्ये जसं होतं तसं उतरवलं होतं. शब्द गेला, बातमी एका कॉलमात बसली, विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला असता, पण त्याच आठवड्यात बारावीचा निकाल लागला आणि मी एका दिवसासाठी साताऱ्याला घरी गेले. धाकट्या भावाला एकसष्ट टक्के पडले होते. घरात कोणी रागावलं वगैरे नाही. फोन मात्र चालू होते. आत्या, मामा, शेजारच्या काकू. आणि प्रत्येक फोनवर आई तेच वाक्य म्हणत होती, जे ती मी पाचवीत असल्यापासून म्हणते, "आमच्या घरात सगळ्यात हुशार ताईच हो." म्हणजे मी. वाक्य माझ्या कौतुकाचं आहे, पण त्या दिवशी ते भावाबद्दल बोललं जात होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तो गच्चीवर मोबाइल घेऊन बसला होता. क्लिंगन शिकत होता.

थांबा, हसू नका. 'स्टार ट्रेक'मधली ती कपाळावर वळ्या असलेली लढवय्यी मंडळी आठवतात का? त्यांची ही भाषा. ड्युओलिंगोवर 2018 पासून तिचा कोर्स आहे. एस्परांतोचा तर 2015 पासून आहे. कोणीतरी बसून ठरवून बनवलेल्या अशा भाषा आता पुष्कळ आहेत. 'बाहुबली'तले कालकेय जी किलिकी बोलतात, तीसुद्धा मदन कार्की यांनी सिनेमासाठी बनवलेलीच. तर भावाने मला बोलावून एक वाक्य दाखवलं आणि म्हणाला, "आईचं वाक्य क्लिंगनमध्ये कसं होतं बघ."

ते वाक्य देवनागरीत साधारण असं होईल, 'बेनिवि वाल लाव, खोच वाल पूष'.

'बेनिवि' म्हणजे माझी बहीण. 'वाल' म्हणजे हुशार असणं, उसळीच्या वालाशी संबंध नाही. 'लाव' म्हणजे पुष्कळ असणं आणि 'पूष' म्हणजे थोडं असणं. त्यातला ष अगदी आपला पोटफोड्या ष आहे, जीभ टाळूकडे वळवून म्हणायचा. आपण मराठीत त्याचा केव्हाच श करून टाकलाय, ते सोडा. उरला 'खोच'. त्याचा अर्थ 'सगळे'. मराठीत खोच म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

आता शब्दाला शब्द लावून वाचा. माझ्या बहिणीची हुशारी पुष्कळ, सगळ्यांची हुशारी थोडी.

"यातल्या 'सगळ्यां'मध्ये कोण आहे?" भावाने विचारलं. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. "मी आहे, ताई. मराठीत मी दिसत नाही. क्लिंगनमध्ये दिसतो. आणि माझ्यापुढे 'थोडी' असं लिहिलेलं असतं."

त्या रात्री एसटीने पुण्याला परत येताना मी या एकाच गोष्टीबद्दल वाचत बसले, भाषा नव्याने बनवायची तर तिच्यात 'सगळ्यात' कसं म्हणायचं. शाळेत याला तमभाव म्हणायचे, इंग्रजीच्या तासाला सुपरलेटिव्ह. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. पाठ करायचं आणि पेपरात रिकाम्या जागा भरायच्या. तो भाषेतला एक निर्णय असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेपूट की वेगळा शब्द?

समजा, तुम्हीच भाषा बनवताय. कॅन्टीनमध्ये चार जण बसून कोड लँग्वेज काढतात तशी. आई, पाणी, जेवण, पळ, सर आले, एवढे शब्द जमले. 'मोठा' जमला. आता 'सगळ्यात मोठा' कसं म्हणणार?

पहिली आयडिया बहुतेकांना सुचते तीच सुचेल, शब्दाला शेपूट लावू. जर्मन धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांनी 1879-80 च्या सुमारास वोलाप्यूक नावाची भाषा केली, तेव्हा तेच केलं. गुदिक म्हणजे चांगलं, गुदिकुम म्हणजे अधिक चांगलं, गुदिक्यून म्हणजे सगळ्यात चांगलं. कुठल्याही विशेषणाला हीच शेपटं, अपवाद नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'साठी डेव्हिड पीटरसन यांनी डोथ्राकी बनवली, तिच्यात शब्दाला पुढून आणि मागून दोन्हीकडून पकडतात. हाज म्हणजे बलवान. अहाजान म्हणजे अधिक बलवान. अहाजानाझ म्हणजे सगळ्यात बलवान. म्हणून बघा, तोंडातल्या तोंडात घोडा दौडल्यासारखं वाटतं.

या डोथ्राकी शब्दात एक गंमत आहे. अहाजानाझच्या पोटात अहाजान अख्खा बसलाय. 'सगळ्यात बलवान' म्हणायला आधी 'अधिक बलवान' म्हणावं लागतं, मग त्यावर एक मजला चढतो. हे पीटरसन यांच्या मनात आलं म्हणून झालं असं नाही, माणसांच्या खऱ्या भाषाही असंच वागतात. जोनाथन बोबालिक या भाषाशास्त्रज्ञाने तीनशेहून जास्त भाषा तपासून 2012 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, तमभाव हा तरभावाच्या खांद्यावर उभा असतो. गुड, बेटर, बेस्ट चालतं. पण गुड, बेटर आणि मग पुन्हा मागे फिरून गुडेस्ट, हा प्रकार भाषांमध्ये सापडत नाही. मधल्या पायरीवर शब्द बदलला की वरच्या पायरीला मूळ शब्दावर परत येता येत नाही.

फारसीत हे मजले अगदी उघडे दिसतात. बेह म्हणजे चांगला, बेहतर म्हणजे अधिक चांगला, बेहतरीन म्हणजे सगळ्यात चांगला. हो, तोच 'बेहतरीन', जो आपण मिसळीपासून मॅचपर्यंत कशालाही लावतो. त्यातला 'तर' आणि संस्कृतातल्या 'उच्चतर'मधला 'तर' हे एकाच घरातले.

एल. एल. झामेनहॉफ यांनी वेगळा रस्ता धरला. डोळ्यांचे डॉक्टर. जन्म 1859, गाव बियालिस्तोक, जे तेव्हा रशियन साम्राज्यात होतं आणि आता पोलंडमध्ये आहे. गावात पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश अशा चार भाषा आणि चार गटांची आपसांत तेढ. सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एक भाषा असावी, म्हणून त्यांनी 1887 मध्ये वॉर्सात 'डॉक्टर एस्परांतो', म्हणजे 'आशा धरणारा डॉक्टर' या टोपणनावाने पुस्तिका काढली. व्याकरणाचे नियम फक्त सोळा. तमभावाला त्यात स्वतंत्र नियमसुद्धा नाही. विशेषणांच्या तिसऱ्या नियमातच तो उरकलाय. विशेषणाला हातच लावायचा नाही. त्याच्या आधी 'प्ली' ठेवा, अधिक. 'प्लेय' ठेवा, सगळ्यात. साजा म्हणजे शहाणा. प्ली साजा, प्लेय साजा. झालं.

आणि उलटं म्हणायचं तर 'माल' लावा. एस्परांतोत माल म्हणजे उलट, वाईट नव्हे. बोना म्हणजे चांगला, मालबोना म्हणजे वाईट. लोंगा म्हणजे लांब, माललोंगा म्हणजे आखूड. अर्धी डिक्शनरी वाचली पाठ करायची. तसंच 'प्लेय'ला माल लावला की 'मालप्लेय', म्हणजे सगळ्यात कमी. मराठीत यासाठी एका शब्दाचं काही नाही. 'सगळ्यात कमी महाग' म्हणावं लागतं, आणि ते आपण म्हणत नाही. 'सगळ्यात स्वस्त' म्हणून मोकळे होतो.

जाता जाता, एस्परांतोत 'मी'ला काय म्हणतात? मी. खरंच. तीन दिवस मला त्याचं कौतुक वाटत होतं.

आत की बाहेर?

शेपूट असो की आधी ठेवायचा शब्द, तो निम्माच प्रश्न. उरलेला निम्मा मॅडमचा, कोणात?

एस्परांतोत पूर्ण वाक्य करायचं तर म्हणतात, 'ला प्लेय साजा एल चीउय'. सगळ्यांमधून सगळ्यात शहाणा. 'एल' म्हणजे मधून. म्हणजे शहाणा माणूस त्या सगळ्यांपैकीच एक आहे. गोल काढलाय, त्या गोलात तोही उभा आहे.

आता 'अवतार'मधली नावी घ्या. पॉल फ्रॉमर यांनी 2009 च्या सिनेमासाठी ती केली. तिच्यात 'टो' म्हणजे पेक्षा. 'फ्रा' म्हणजे प्रत्येक, सगळं. दोन्ही जोडून 'फ्राटो', सगळ्यांपेक्षा. तमभावासाठी वेगळं काही बनवलंच नाही, 'पेक्षा' होतं तेच ताणलं. ऐकायला ओळखीचं वाटतंय ना? आपणही म्हणतो, 'सगळ्यांपेक्षा उंच'. पण इथे गोल बदलला. सगळ्यांपेक्षा उंच असणारा माणूस त्या सगळ्यांमध्ये नाही. तो स्वतःपेक्षा उंच कसा असेल? सगळे एकीकडे आणि हा एकटा बाहेर.

मराठीत दोन्ही आहेत. 'सगळ्यांत हुशार' म्हटलं की हुशार मुलगी आत. 'सगळ्यांपेक्षा हुशार' म्हटलं की ती बाहेर. आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, फरक कोणी करत नाही. पण एकदा दिसला की दिसतच राहतो. मी आता व्हॉट्सअॅपवरची वाढदिवसाची स्टेटसंही तशीच वाचते. 'जगातली बेस्ट मैत्रीण', आत. 'कोणाहीपेक्षा जवळची', बाहेर.

आणि मराठीत फक्त एवढंच नाही. 'हून' बघा. पुण्याहून निघाले, माझ्याहून उंच. प्रत्यय एकच. तुलना करताना आपण समोरच्या माणसाला थांबा मानतो आणि तिथून निघून पुढे जातो. जगातल्या पुष्कळ भाषा 'पासून'चा शब्द असाच तुलनेला वापरतात. माझी आवडती रचना मात्र निराळीच आहे, 'मोठ्यात मोठा', 'गरिबातला गरीब', 'चांगल्यातलं चांगलं'. यात गोलात सगळे नाहीतच, फक्त मोठेच आहेत, आणि त्यांच्यातून मोठा निवडायचाय. लहानांना मुळात स्पर्धेत बोलावलेलंच नाही. म्हणून त्यांना कोणी कमी ठरवत नाही. माझ्या वाचनात आलेल्या कुठल्याही बनवलेल्या भाषेत मला हे दिसलं नाही. तुमच्या कोड लँग्वेजसाठी फुकट देऊन टाकते.

संस्कृताकडून आलेला माल वेगळा. त्यात शेपटं आहेत, तीही दोन जातींची. एक 'तम'. ते तुम्ही सहावी-सातवीत गणिताच्या तासाला घोकलंय. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. हे तमभाव प्रामाणिक आहेत. सगळे विभाज्य मांडा, सगळ्यात लहान कुठला ते शोधा, उत्तर एकच येतं. आमच्या मॅडमना चालतील असे. दुसरं शेपूट 'इष्ठ', इंग्रजीतल्या 'एस्ट'चं सख्खं चुलत भावंड. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे सगळे मुळात 'सगळ्यात' या अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षं आपण ज्या 'कनिष्ठ महाविद्यालया'त काढतो, ते शब्दशः 'सगळ्यात लहान महाविद्यालय' आहे. बसमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव सीट असतात. सगळ्यात मोठा नागरिक खरं तर एकच असणार, पण सीटवर दोघं बसतात. शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले, त्यांची धार गेली. मग धार परत आणायला आपण 'सर्वश्रेष्ठ' केलं, 'श्रेष्ठतम' केलं. सगळ्यात सगळ्यात चांगला. प्रेसनोट लिहिणाऱ्यांना तेही पुरत नाही, ते 'सर्वश्रेष्ठतम'पर्यंत गेलेले मी या महिन्यात स्वतः पाहिलेत.

गोलच नसलेली भाषा

प्रेसनोटवरून ऑरवेल आठवतो. जन्म आपल्याकडचा, बिहारमधल्या मोतीहारीचा, 1903. त्याच्या '1984' या 1949 च्या कादंबरीत सरकारने बनवलेली न्यूस्पीक ही भाषा आहे, आणि तिचा हेतूच लोकांचा विचार आकुंचित करणं हा आहे. तिच्यात वाईटला शब्द नाही, 'अनगुड' आहे. एस्परांतोचं मालबोना आठवलं ना? ऑरवेलला एस्परांतो परकी नव्हती. पॅरिसमध्ये त्याची मावशी ज्या गृहस्थांबरोबर राहायची, ते त्या चळवळीतले मोठे कार्यकर्ते होते. न्यूस्पीकमध्ये जोर द्यायचा तर 'प्लसगुड', आणखी जोर द्यायचा तर 'डबलप्लसगुड'. पुष्कळ जण यालाच तिचा तमभाव समजतात. मीही समजत होते. पण कादंबरीच्या शेवटी जे परिशिष्ट आहे, त्यात तमभाव वेगळा दिलाय. गुड, गुडर, गुडेस्ट, सरसकट, अपवाद बंद. 'डबलप्लसगुड' ही नुसती जोराची पट्टी आहे. त्यात तुलनाच नाही. कोणात, कोणापेक्षा, कशावरून, काही विचारायची सोय नाही. वर, आणखी वर, संपलं. रील्सखालच्या कमेंट वाचताना मला हा शब्द हल्ली सारखा आठवतो.

क्लिंगन याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे. तिच्यात समोरच्याला वाक्यात आणल्याशिवाय तुलना करताच येत नाही. मार्क ओक्रँड यांनी 1984 च्या 'स्टार ट्रेक 3' सिनेमासाठी ती बनवली आणि पुढच्या वर्षी तिचा शब्दकोश काढला. ओक्रँड हे खरे भाषाशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेवर त्यांचा प्रबंध आहे. माणसांना परकी वाटावी म्हणून त्यांनी क्लिंगनची वाक्यरचना मुद्दाम उलटी ठेवली. आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. 'भात खातो राम'. पण तुलनेचं वाक्य या रचनेतही बसत नाही, ते स्वतंत्रच आहे. याचं अमुक पुष्कळ, त्याचं अमुक थोडं. 'त्या'च्या जागी 'खोच' टाकला, की तमभाव तयार.

मला वाटलं होतं, हा लढवय्यांचा खडूसपणा असणार. माणसं अशी बोलत नसतील. बोलतात. पापुआ न्यू गिनीतल्या आमेले भाषेत 'हे घर त्या घरापेक्षा मोठं' असं म्हणायचं तर 'हे घर मोठं, ते घर लहान' असं म्हणतात. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या जंगलात बोलली जाणारी हिश्कार्याना भाषाही अशीच तुलना करते. आणि ऐका, हिश्कार्यानाची वाक्यरचनाही कर्म, क्रियापद, कर्ता अशीच आहे. परग्रहावरची म्हणून जे बनवलं, ते दोन्ही पृथ्वीवर आधीच होतं. एकाच भाषेत.

हे भावाला फोनवर सांगितलं. त्याने विचारलं, "मग त्यांच्यात लहान घराला वाईट वाटत नसेल का?" म्हटलं, घराला काय वाटणार. तो म्हणाला, "बरं." मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मी म्हटलं, "तू आईला सांग ना, तुला ते वाक्य आवडत नाही म्हणून." "तू सांग," तो म्हणाला, "वाक्य तुझं आहे."

हे मला लागलं. कारण बरोबर होतं. अकरा वर्षं ते वाक्य मी ऐकत आले आणि एकदाही 'आई, असं नको म्हणू' असं म्हटलं नाही. गोलाच्या बाहेर उभं राहायला छान वाटत होतं. तुमच्यापैकी जे घरातले 'हुशार' आहेत त्यांना कळेल. आणि जे त्या 'सगळ्यां'मधले आहेत त्यांना तर आधीपासूनच कळत असणार.

मी आईशी बोलले. भाषणबिषण नाही, भाजी चिरताना स्पीकरवर. क्लिंगनचं वाक्यही मराठीत करून सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "अगं, पण मी त्याला कुठे काय म्हणते?" मी म्हटलं, "तेच तर." पलीकडे सुरीचा आवाज थांबला होता. मग तिने विषय बदलला, दोडका यंदा किती महाग झालाय ते सांगितलं. तिने काय ठरवलं मला माहीत नाही. पण त्यानंतर मामाचा फोन आला तेव्हा भावाच्या अॅडमिशनबद्दलच बोलणं झालं, असं भाऊ म्हणाला.

दरम्यान त्याने क्लिंगन सोडली. घसा दुखतो म्हणे. आता तोकी पोना चालू आहे. कॅनडातल्या सोन्या लँग यांनी 2001 मध्ये ती बनवली, शब्द सुमारे 120, मूळ अक्षरं चौदा. शनिवार-रविवारात शब्द पाठ होतात. त्यांतून वाक्य काढणं मात्र कठीण. या भाषेत तमभाव नाही. तरभावही नाही. 'पेक्षा'ला शब्दच नाही. 'मुते' म्हणजे पुष्कळ, 'लिली' म्हणजे थोडं, लहान. 'ओना ली सोना मुते, मी सोना लिली'. तिला पुष्कळ माहीत, मला थोडं माहीत. (इथेही 'मी' म्हणजे मी!) तुलना करायचीच असेल तर अशी दोन वाक्यं शेजारी ठेवायची आणि ऐकणाऱ्याने काय ते समजायचं. दुसरं वाक्य म्हणायचं नसेल तर नाही म्हणायचं. पहिलं एकटं उभं राहतं. क्लिंगनमध्ये ही सुट्टी नाही.

लोक पळवाटा काढतातच. तोकी पोना बोलणारे 'नान्पा वान', म्हणजे नंबर एक, असं म्हणून काम भागवतात. कोण पहिलं, हे सांगितल्याशिवाय माणसाला राहवत नाही बहुतेक. 120 शब्दांतसुद्धा.

मागच्या आठवड्यात माझी दुसरी बातमी छापून आली, या वेळी नावासकट. वाचनालयाच्या नव्या वेळांबद्दल होती. सकाळी साडेसातला भावाचा मेसेज होता, 'लिपु सिना ली पोना मुते'. लिपु म्हणजे कागद, लिहिलेलं काहीही. सिना म्हणजे तू, तुझं. पोना म्हणजे चांगलं. तुझं लिहिलेलं पुष्कळ चांगलं आहे. कोणापेक्षा नाही, कोणात नाही.

त्याच्याखाली फॅमिली ग्रुपवर आईचा मेसेज होता, 'आजच्या पेपरातली सगळ्यात छान बातमी.' आईने त्या दिवशी पेपरातल्या किती बातम्या वाचल्या होत्या, ते मी विचारलं नाही.